पऱ्ह्यांची सरळ रेघ

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तिरोड्याच्या शाळेत नुकताच समीकरणं शिकू लागलो होतो आणि अंगात भलतीच मस्ती आली होती. एखादी गोष्ट रोज सारखीच वाढत असेल, तर सुरुवातीचं माप आणि रोजची वाढ यांवरून पुढचा कुठलाही दिवस सांगता येतो, असं गुरुजी म्हणाले. मला वाटलं, आता आपल्याला विचारल्याशिवाय गावाचं पान हलणार नाही.

घरी पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाफ्यात वाढवलेली धानाची रोपं, उगवून आले होते. शाळेला जाण्याआधी मी बोटांनी त्यांची उंची मोजू लागलो. सुरुवातीला दोन बोटं, मग रोज अर्धं बोट. उंचीला 'य' आणि दिवसांना 'क्ष' धरून मी पाटीवर लिहिलं: य = २ + क्ष/२. कागदावर ठिपके जोडले तर सरळ रेघ आली. रोप वीतभर, म्हणजे बारा बोटं झालं की रोवायचं. विसाव्या दिवशी होणार, मी मायला ठणकावून सांगितलं.

बाबा गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होते. शेती माय एकटीच पाहायची. गावात रोवणी पाळीनं चाले. आज सगळ्या बाया एकीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. ज्या घरानं पाळी चुकवली, ते शेवटी जाई. माय दरवर्षी पऱ्हे तयार झालेले पाहूनच पाळी मागायची. त्या वर्षी तिनं आधीच पहिली मागून ठेवली.

"काऊन वो, एवढी घाई?" शेजारच्या काकूनं विचारलं.

"माया पोरानं हिसाब केला ना!" माय म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलून गेला होता.

मग पावसाची झड लागली. ऊन दिसेना. पऱ्हे पाण्यात पिवळे पडले आणि वाढायचे थांबले. मी रोज मोजत होतो, मला ते दिसत होतं. तरी तोंड उघडलं नाही. उद्या ऊन पडेल, मागची कसर भरून निघेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. खरं सांगायचं तर मला माझी रेघ मोडायची नव्हती.

ठरल्या दिवशी बाया आल्या. मायनं मूठभर रोपं उपटून पाहिली. एवढी बुटकी रोपं बांधीतल्या पाण्यात बुडूनच गेली असती. बाया बांधावरून दुसऱ्या घरी वळल्या. पुढं माय साऱ्या गावाच्या बांध्यांत राबली. आमची पाळी आली तोवर पऱ्हे जून झाले होते. त्यांना फुटवेच आले नाहीत, धान थोडंच झालं. त्या उन्हाळ्यात ती आम्हा पोरांना भात वाढायची आणि स्वतः पेज पिऊन उठायची. आणि मी तो भात जेवत होतो.

पुढच्या वर्षी बाया पाळ्या ठरवायला आमच्याच अंगणात जमल्या. माय सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली.

"सांग बापू, यंदा कवा होतीन आपले पऱ्हे?"

तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले नाही सांगता येत, माय."

ती बायांकडे पाहून हसली. "शाळेचा अभ्यास बहुत राहते त्याले. येळ कुठी भेटते?"

एवढं धान घालवूनही माझी लाज तीच झाकत होती.