उलटतपासणी मॅडम

इंगळे मॅडमच्या हातात कोणतीही नवी वस्तू दिली, की त्या ती आधी उलटी धरायच्या. खुर्ची असो, प्रिंटर असो, नाहीतर कॅन्टीनसाठी आणलेला चहाचा थर्मास. स्क्रू किती, फट कुठे, धूळ कुठून आत शिरेल हे बघून झालं की मगच ती सुलटी व्हायची. "तोंड तर सगळेच धुऊन येतात," त्या म्हणायच्या, "पाठ पाहावी." आमच्या ऑफिसातल्या पुणेरी मंडळींनी त्यांचं नाव 'उलटतपासणी मॅडम' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाप्पा! पगार तेवढाच ठेवून पदवी तेवढी दिली का?"

आमची कंपनी शीतगृहं बांधायची आणि सांभाळायची. दूधवाले, द्राक्षवाले, औषधांचे घाऊक विक्रेते ही आमची गिऱ्हाइकं. कुठे कॉम्प्रेसर बंद पडला की आमचे सर्व्हिस इंजिनिअर मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून धावत. ऑफिस येरवड्याच्या पुढे होतं. मॅडम विश्रांतवाडीहून यायच्या, मी कोथरूडहून. मूळच्या त्या अकोल्याकडच्या. तिथे कोर्टाबाहेर अर्ज टाईप करून देण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकल्या, आणि आईला घेऊन पुण्यात आल्या. लग्न केलं नव्हतं. का, किंवा त्यांच्या बोलीत 'काऊन', केलं नाही असं विचारण्याची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती. कंपनीत येणारं प्रत्येक यंत्र, कॉम्प्युटरपासून टेलिफोनपर्यंत, त्यांनी तपासून पसंत केल्याशिवाय घेतलं जायचं नाही. मी त्यांच्या हाताखाली होते.

मोबाईल एव्हाना सगळ्यांच्या खिशात आले होते, पण मोबाईलवर ई-मेल येतो हे अजून नवल होतं. अशा दिवसांत आमचे धाकटे साहेब परदेशातून एक फोन बघून आले. पाटीसारखा रुंद, आणि निम्म्या भागात डाळिंबाच्या दाण्यांसारखी बारीक बारीक बटणं, इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर वेगळं, साध्या मोबाईलसारखी एका बटणावर तीन तीन नव्हेत. तो सगळ्या अधिकाऱ्यांना द्यायचा असं साहेबांच्या मनात पक्कं झालं होतं. रीत म्हणून त्यांनी मॅडमना सांगितलं, "महिनाभर वापरून बघा आणि अहवाल द्या."

विक्रेत्याचा माणूस टाय लावून दोन नमुने घेऊन आला. "मॅडम, सॅम्पल पीस आहेत. जरा जपून वापरा."

"जपून वापरायचे तर तपासायचं काय?" मॅडमनी विचारलं, आणि त्याच्यासमोरच फोन उलटा केला.

मॅडमनी मलाही अहवाल लिहायला सांगितला होता; तो मी तिसऱ्या दिवशीच लिहून टाकला. माहितीपत्रकात सगळं होतंच. मी ते मराठीत आणलं आणि खाली 'घेण्यास योग्य' असं लिहिलं. मॅडमनी तीन पानं वाचली, शांतपणे परत दिली आणि म्हणाल्या, "रेवती, हे तर त्या टायवाल्याने लिहिलं. तू काय पाह्यलं?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत फिरू लागले.

टायपिंग त्यांच्या बोटांत होतं. डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांनी त्या बटणं चाचपायच्या, आणि चुकलं की कोणतं अक्षर चुकलं ते वहीत लिहायच्या. आळंदी रस्त्यावर माझ्या स्कूटरवर मागे बसून, खड्ड्यांतून जाताना, त्यांनी एक अख्खं पत्र टाईप केलं. भर दुपारी उन्हात उभं राहून पडदा वाचता येतो का ते बघितलं. बोटांना ग्रीस लावून बटणं दाबली, मग ती रॉकेलच्या चिंधीने पुसून अक्षरं उडतात का ते बघितलं. हिशेबखात्यातले जोशी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, एवढ्या चौकशीत लोक मुलगी देतात."

"देताना एवढं पाहत नाहीत न," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर मग रडतात."

दोन फोनांपैकी एक त्यांनी मार्केटिंग मॅनेजरना दिला. दुसरा दिला सर्व्हिस इंजिनिअरांना, आळीपाळीने दोन दोन दिवस. यावर बरीच कुजबुज झाली. साहेब लोकांचा फोन तेलकट हातात कशाला, असा एकूण सूर होता. मॅडमनी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या इंजिनिअरांत सगळ्यांत जुने होते गायकवाड. लोणी काळभोरचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच, मितभाषी. नुसता कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून बिघाड सांगतील अशी त्यांची ख्याती. पण अलीकडे त्यांचं नाव खराब झालं होतं. एका औषधवाल्याने फोन करून "उद्या नको, आजच या" असं सांगितलं होतं आणि हे गेले दुसऱ्या दिवशी. खोलीतली औषधं फेकून द्यावी लागली. "तो म्हणाला, आज नको उद्या या," एवढंच गायकवाड सांगत राहिले. कोणाचा विश्वास बसला नाही. म्हातारा आळशी झाला, असं लोक उघड बोलू लागले, आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवायचं जवळजवळ ठरलं होतं.

गायकवाडांनी दोन दिवसांनी फोन परत करायचा होता. ते आले आणि म्हणाले, "मॅडम, अजून दोन दिवस ऱ्हाऊ द्या की." पुन्हा दोन दिवसांनी तेच. फोन अखेर परत आला तेव्हा मॅडमनी त्यातल्या नोंदी काढल्या. बाकीच्या इंजिनिअरांनी फोन बोलायला वापरला होता, टाईप करायचा सगळ्यांनाच कंटाळा. गायकवाडांचा एकही कॉल नव्हता. संदेश मात्र पानंच्या पानं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेले. कोणता पाईप, कोणता आवाज, गिऱ्हाइकाने काय विचारलं, ह्यांनी काय सांगितलं, सगळं स्वच्छ.

मॅडमनी त्या नोंदी शेवटापासून सुरुवातीपर्यंत पुन्हा वाचल्या. मग मला घेऊन कॅन्टीनमध्ये गेल्या. गायकवाड एकटेच डबा खात होते. मॅडम त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गायकवाड, चहा घेता का?"

त्यांनी मान वळवली नाही. पोळीचा घास मोडत राहिले.

मॅडम समोर जाऊन बसल्या. तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. गायकवाडांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, "घेऊ की." मग माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. हातातला घास त्यांनी डब्यात ठेवला.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"दोन वरसं झाली. मशिनीच्या खोलीत जल्म गेला, मॅडम. मशिनीचं दुखणं मला हाताला कळतंय. माणसाचं बोलणं समोर असलं तर कळतंय. फोनवर काय बी कळत न्हाई." मग ते म्हणाले, "हे लिहू नका. भंगारात काढतील मला."

मॅडमनी डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि उठल्या. अहवाल द्यायला एक आठवडा राहिला होता, आणि दिलेल्या दिवसाच्या आधी काम देणाऱ्या ह्या बाईंनी दोन दिवस वहीसुद्धा उघडली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी गायकवाडांना बोलावलं. त्यांच्या समोर तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या बोलल्या. ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"गायकवाड, मी खोटं लिहीत नसते. अन् तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता सांगतही नसते. मी एवढंच लिहिते की हा फोन सर्व्हिसच्या माणसाला पाहिजे. कोणाला पाहिजे अन् काऊन पाहिजे, ते तुम्ही सांगा. नाही सांगितलं तरी माझा राग नाही."

मीटिंगच्या दिवशी धाकटे साहेब, मार्केटिंग मॅनेजर, जोशी आणि आम्ही दोघी टेबलाशी होतो. मॅडमनी काही इंजिनिअरांनाही बोलावलं होतं. ते भिंतीला लागून उभे होते. गायकवाड कडेला, इस्त्री केलेल्या गणवेशात. मॅडमनी अहवाल वाचला. फोन चांगला आहे. बटणं टिकतील, पडदा उन्हात अंधुक दिसतो, खिशातून पडला तर झाकण निघतं. अधिकाऱ्यांना त्याची आज गरज नाही. मॅनेजर साहेबांनी इतके दिवस जेवताना ई-मेल वाचले आणि उत्तरं ऑफिसात येऊन दिली. मॅनेजर साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गरज आहे ती सर्व्हिस विभागाला.

"मॅडम," धाकटे साहेब हसून म्हणाले, "हा बिझनेस फोन आहे."

"सर, मशीन बंद पडलं अन् गिऱ्हाईक ओरडून राहिलं, त्याहून मोठा बिझनेस आपला कोणता?"

साहेबांचं हसू गेलं. "आणि ज्याच्या हातून औषधं वाया गेली, त्या गायकवाडांचे संदेश तुम्ही चार पानं जोडलेत. तुम्हाला फोन तपासायला सांगितला होता, माणसं नव्हे."

मॅडमनी वही मिटली. उत्तर त्यांच्या ओठांवर होतं हे मला दिसत होतं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी गायकवाडांकडे बघितलंही नाही. खाली मान घालून बसून राहिल्या. 

"साहेब," भिंतीकडून आवाज आला. गायकवाड एक पाऊल पुढे आले होते. आवाज जरा जास्तच मोठा होता. "मला ऐकू येत न्हाई. तुमचं तोंड दिसतंय म्हणून कळतंय. त्या दिवशी फोनवर उलटं ऐकलं मी. औषधं माझ्यामुळं गेली. पण ह्या फोनवर दिवसाला सात मशिनी केल्या, एक बी चुकली न्हाई. मॅडमकडं लिहिलेलं हाय."

 धाकटे साहेब टेबलावरचा फोन उचलून बघत राहिले. मग त्यांनी दुसरा फोन जोशींकरवी गायकवाडांच्या हातात दिला आणि स्वतः दोन्ही अंगठ्यांनी, चुकत माकत, काहीतरी टाईप करू लागले. बराच वेळ लागला. गायकवाडांच्या हातातला फोन थरथरला. त्यांनी वाचलं आणि मान वर केली.

"आधी का सांगितलं नाही, म्हणताय. सगळे आळशी म्हणले, साहेब. काय झालं म्हणून कुणी इचारलंच न्हाई."

साहेबांनी फोन खाली ठेवला. त्या दिवशी काही ठरलं नाही. पण पुढच्या आठवड्यात फोन आले, त्यातले निम्म्याहून जास्त सर्व्हिसला गेले आणि पहिला गायकवाडांना मिळाला. गिऱ्हाइकांनी तक्रार लिहून पाठवायची अशी पद्धत पडली. ती इतकी सोयीची निघाली की ऐकू येणारे इंजिनिअरही तीच मागू लागले. साहेबांनी गायकवाडांना कानाच्या डॉक्टरांकडे स्वतःच्या गाडीतून पाठवलं. ते निवृत्तीपर्यंत मशीनवरच राहिले. मॅडमना मात्र याचं काही मिळालं नाही. मार्केटिंग मॅनेजर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या बढतीची फाईल कुठल्याशा टेबलावर पडून राहिली. मी एकदा त्यावरून चिडले, तर म्हणाल्या, "तू काऊन रक्त आटवून राहिली? ते चार इंजिनिअर बोलतात न माझ्याशी, पुरे."

तीन वर्षांनी मॅडमनी राजीनामा दिला. आई थकली होती आणि तिला शेवटचे दिवस गावाकडे काढायचे होते. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. पुणे स्टेशनवर मी, जोशी आणि आमच्या विभागातले दोघे पोचवायला गेलो होतो. मॅडमच्या आईला जागेवर बसवून झालं, सामान लागलं, आणि तेवढ्यात गर्दीतून गायकवाड आले. बरोबर त्यांची पत्नी, नऊवारीतली, हातात कापडात बांधलेल्या भाकरी आणि अंजिरांची करंडी. त्या बाईंना आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी करंडी खाली ठेवली, मॅडमचे दोन्ही हात धरले आणि कोण बघतंय याची पर्वा न करता बोलू लागल्या.

"बाई, हे दोन वरसं घरात बोलत नव्हते. हाक मारली तर ओ देत नव्हते. मला वाटायचं, माझ्यावर राग हाय. काय चुकलं माझं म्हणून म्या देवाला इचारायची. त्या मिटिंगच्या दिवशी घरी आले, उंबऱ्यातच हुबं ऱ्हाऊन म्हणले, मला ऐकू येत न्हाई गं. म्या म्हणलं, एवढंच व्हय? अन् आमी दोगं बी रडलो."

 शब्दाला शब्द देणाऱ्या आमच्या इंगळे मॅडम त्या बाईंच्या खांद्यावर कपाळ टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. गायकवाड जरा बाजूला, टोपी हातात घेऊन, दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. गाडीने शिट्टी दिली तेव्हा त्यांनीच मॅडमच्या दंडाला हलकेच हात लावला आणि म्हणाले, "मॅडम, चढा. गाडी सुटतीया."