घेवड्याचे उलटे वेढे

तिचं नाव आमच्या गल्लीत कुणी घेतच नसे. नवरा मोटरी वाइंड करायचा, म्हणून तो वाइंडर आणि ती वाइंडरीण. मी एकदा विचारलं, राग नाही का येत गं? तर म्हणाली, "बोलावलं म्हणजे झालं, नाव काय चाटायचंय?"

आमच्या दोघींच्या मागच्या दारांमध्ये एक भिंत. भिंत म्हणजे कमरेएवढीच. तिच्यावरून वाटीभर साखर, गल्लीतल्या बातम्या आणि आमची भांडणं, सगळं इकडचं तिकडे जायचं. तिच्या अंगणात एका माणसाने आडवं झोपावं एवढीच माती, तीही पाण्याच्या टाकीमागे. त्या मातीत तिने जे लावलं, त्याची ही गोष्ट.

वाइंडरचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. जळालेले पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, सगळं त्याच्याकडे यायचं. तांब्याची तार तो साच्यावर अशी सरसर गुंडाळायचा की बघत राहावं. नाकावर माशी मात्र बसू द्यायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचा, "एवढं उकडत असेल तर पुठ्ठ्याने वारा घ्या." तरी लोक यायचे, कारण त्याने भरलेली मोटर परत जळायची नाही.

एका दुपारी तो दुकानातच स्टुलावरून खाली घसरला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू वळणावर आला, बोलणंही आलं, पण हात काही येईना. डॉक्टरांनी पिळायला रबरी चेंडू दिला. त्याने तो डाव्या हाताने असा भिरकावला की थेट माझ्या धुण्याच्या बादलीत. मी चेंडू परत द्यायला गेले तर वाइंडरीण दारात रडत उभी. ताट तसंच परत आलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आजाराने नाही मरायचा गं हा," ती म्हणाली. "हात गेला म्हणून मरेल."

त्याच आठवड्यात तिने घेवडा भिजत घातला. लाल फुलांचा वेलघेवडा, जांभळट ठिपक्यांच्या टपोऱ्या बियांचा. घराच्या मागच्या भिंतीत वर खिळे ठोकले, खाली विटा ठेवल्या, मधे सुतळ्या ताणल्या. मी म्हटलं, अगं, घरात एवढं आजारपण आणि तुला बागकाम कसलं सुचतंय! ती आपली पुढची सुतळी ताणायला लागली.

वेल वीतभर झाले तशी तिने त्याची खुर्ची अंगणात आणून ठेवली. "अहो, माझी मान दुखते. तेवढे शेंडे सुतळीला गुंडाळा की."

"मी काय माळी आहे?"

म्हणाला खरा, पण डोळे सुतळ्यांकडे. गुंडाळायचं काम दिसलं की त्याचे हात शिवशिवायचेच. वेलाचा शेंडा मऊ, त्याला जोर लागत नाही. उजव्या हाताच्या बोटांत तो कसाबसा धरला, डाव्याने आधार दिला आणि एक वेढा घातला. मग दुसरा. त्या संध्याकाळी तो जेवला.

पण एक घोटाळा झाला. उभा जन्म त्याने तार ज्या अंगाने फिरवली, त्याच अंगाने तो वेल फिरवायचा. घेवडा चढतो नेमका त्याच्या उलट. ती त्याची जन्माची खोड. त्याला जबरदस्तीने दुसऱ्या अंगाने गुंडाळला की रात्रीतून तो आपणच सैल होतो आणि सकाळी शेंडा खाली लोंबतो.

तिने एकदा सांगून पाहिलं. तर हा उसळला, "सगळं आयुष्य गुंडाळण्यात गेलं माझं. आता घेवडा मला शिकवणार?" शेंडा सोडून आत गेला तो दोन दिवस बाहेर आला नाही. जेवणाला परत नकार.

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही," ती मला म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मला कळलं ते असंच. एकदा उजाडायच्या आत मी पाणी तापवायला उठले. खिडकीतून पाहते तर ही स्टुलावर उभी. लोंबलेला एकेक शेंडा उचलायची, घेवड्याच्या अंगाने सुतळीवर चढवायची, की पुढचा. मी ओरडणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

गोळ्यांमुळे तो उशिरा उठायचा. चहा झाला की अंगणात यायचा आणि वेल जागच्या जागी बघून त्याचं तोंड असं उजळायचं! वेढा कुठल्या अंगाचा, ते पानांआड दिसायचं नाही. मला हाक मारायचा, "वहिनी, बघा, काल बांधलेले जसेच्या तसे. हात बसतोय माझा." मी म्हणायचे, हो भाऊजी, बसतोय. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. लबाड होती.

आणि खरंच तो माणसात आला. उजव्या हाताने घास घ्यायला लागला, निम्मा सदऱ्यावर सांडायचा, पण घ्यायचा. दुकानाच्या शटरला तेल घालून घेतलं. वेलांना लाल फुलं आली तसा म्हणायला लागला, "पुढच्या महिन्यात लहान पंखे घेईन म्हणतो."

मी तिला म्हटलं, "अगं, हे कुठवर चालायचं? तू एखाद दिवस आजारी पडलीस तर?"

"मला काय धाड भरलीय!" ती म्हणाली. "तू तोंडाला कुलूप लाव म्हणजे झालं."

आणि एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. ती दमली असेल, झोपू दे, म्हणून तो चहाची वाट बघत बसून राहिला. मग त्याने भिंतीवरून मला हाक मारली. मी जाऊन तिच्या कपाळाला हात लावला आणि गल्लीला हाका मारल्या.

माणसं जमली. आत बायका रडत होत्या. कुणीतरी त्याला मागच्या दाराशी खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळाने तिकडून आरडाओरडा ऐकू आला.

"कुणी हात लावला याला? कुणी सोडवले माझे वेल?"

सगळे शेंडे खाली लोंबत होते.

समोरची म्हातारी माझ्या कानाशी पुटपुटली, "बायको आत थंडगार पडलीय आणि याला शेंगांची पडलीय." मला वाटलं हिच्या एक कानाखाली वाजवावी. मी त्याच्याजवळ गेले. खोटं माझ्या ओठांवर तयार होतं.

"भाऊजी, रात्री वारा होता."

"सुतळ्या ताणलेल्या तशाच आहेत आणि वाऱ्याने नुसते वेढे सुटले?" त्या माणसाला वेढ्यांतलं काय सांगायचं! "वहिनी, खरं सांगा."

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते?

"रोज?"

"रोज."

"पाऊस असला तरी?"

"डोक्यावर पोतं घेऊन."

त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, हात बसला," एवढंच म्हणाला. मग असा हंबरला की आतल्या बायका गप्प झाल्या. मीही रडले. तिचा मला रागही आला. स्वतः सुटली आणि हे सांगायचं माझ्यावर टाकून गेली.

मला वाटलं, आता हा परत भिंतीकडे तोंड करून पडणार. पण माणसं गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, तो अंगणात आला. एक शेंडा उचलला आणि तिच्यासारखा, घेवड्याच्या अंगाने फिरवला. सवय नाही, हात साथ देईना, शेंडा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. सकाळी तो जागेवर होता.

शेंगा आल्या. त्याने भिंतीवरून मला दिल्या. मी त्यांची भाजी केली.

दुकान काही उघडलं नाही. शटरचं तेल वाळून गेलं. पुढच्या हंगामात मात्र त्याने घरच्याच बिया भिजत घातल्या. आता सगळे वेल नीट चढवतो. फक्त दाराजवळच्या सुतळीवरचा एक शेंडा संध्याकाळी जुन्याच अंगाने गुंडाळतो. पहिल्या दिवशी मी भिंतीवरून म्हटलं, "भाऊजी, तो उलटा झाला बरं का."

"माहीत आहे," तो म्हणाला.

आता तो लवकर उठतो. तोंडही न धुता आधी त्या सुतळीशी येऊन उभा राहतो. मला बघवत नाही. म्हणून काल उजाडायच्या आत भिंत ओलांडून गेले, म्हटलं, चढवून ठेवावा, एक दिवस तरी. लोंबता शेंडा हातात घेतला. हे तिचं काम होतं. मी तो होता तसा सोडला आणि परत खिडकीशी येऊन उभी राहिले.

दार वाजलं. तो बाहेर आला, वेलाकडे बघितलं.

"आज पण नाही आली," म्हणाला, आणि चहा ठेवायला आत गेला.