तिला आंघोळ मी घातली

"आई, पाणी घाला," ती म्हणाली, आणि मी घातलं.

ती मागच्या दाराने आली होती. केसांत पातेरा, वाळकी पानं अडकलेली, ब्लाउजची बाही खांद्यातून उसवलेली, पायात एकच चप्पल. दुपारचे साडेतीन झाले असतील. मी पडवीत शेंगा सोलत बसले होते. "काय झाला गो?" म्हणत उठले. तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चुलीवर हंडा होताच. तिला न्हाणीत पाटावर बसवलं आणि डोक्यावरून ऊन पाणी ओतत राहिले. तिचे दात वाजत होते आणि ती म्हणत होती, "अजून." साबण लावला, शिकेकाई लावली, नखांतली माती काडीने काढली. मग तिचे कपडे धोंड्यावर आपटून धुतले, पिळले आणि दगडी गडग्याच्या आडोशाला वाळत टाकले. शेवटी तिला पांघरूण घालून निजवलं आणि म्हटलं, "कोणाला सांगू नको."

बाईने बाईसाठी करायचं ते सगळं आपण केलं, असं मला त्या दिवशी वाटलं. मी काय करून बसले ते पुढे पोलीस ठाण्यात कळलं.

ती माझी धाकटी सून. माहेर गुहागरकडचं, अगदी समुद्राला लागून. आमच्या घरी आली त्याच आठवड्यात माझी आमटी चाखून म्हणाली, "आई, मासा शिजवलाय की पोहायला सोडलाय?" मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या दारात समुद्र आहे. आमच्याकडे मासा एसटीने येतो, वाटेत दमतो." तेव्हापासून आमचं असंच चालतं. तिचा नवरा, माझा धाकटा मुलगा, मुंबईला कंपनीत. गणपतीला येतो, शिमग्याला येतो. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच. दोन बायका एका घरात राहिल्या की एक तर भांडतात, नाही तर एकमेकींना सरावतात. आम्ही दोन्ही केलं.

ते दिवस शिमग्याच्या आधीचे, ओल्या काजूगरांचे. ती वरच्या बागेत झाडाखाली बसून बिया फोडायची. ज्यांनी ओला काजूगर नुसता ताटात बघितला आहे त्यांच्यासाठी सांगते. बीच्या सालीत चीक असतो. तो अंगाला लागला तर भाजल्यासारखं होतं. बायका हाताला राख लावून बसतात, तरी बोटं काळी पडतात आणि कातडी सोलवटते. तिचे हात त्या दिवसांत तसेच होते. मी रोज खोबरेल लावून द्यायची आणि ती म्हणायची, "माझा हात धरला तर नवऱ्याला वाटेल, खरवडणी धरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भावकीतला एक जण अंगणात आला. पन्नाशीचा, मला काकी म्हणणारा. शिमग्यात देवाच्या पालखीला पुढचा खांदा त्याचा. गावकीच्या बैठकीत त्याचा शब्द चाले. पाण्याच्या पंपाची चावी त्याच्याकडे, आणि कोणी आजारी पडलं तर गाडीही त्याचीच. आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलूप, उरलेल्यांत म्हातारी माणसं आणि आमच्यासारख्या बायका. असा एक पुरुष गावात राहिला की सगळ्यांचं अडलेलं त्याच्याकडे जातं. मग त्याला कोण बोलणार?

"काकी, पालखी यंदा तुमच्याकडे सकाळची आणू की दुपारची?" त्याने विचारलं.

फाल्गुनातलं ऊन, आणि याने मानेभोवती टॉवेल कानापर्यंत गुंडाळलेला. पायरीवर बसताना तो सरकला. कानाखाली, मानेच्या बाजूला, लालभडक चार पट्टे होते. बोटांचे. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यानेही बघितलं.

"काजूचा चीक लागला," तो म्हणाला.

"लागतो," मी म्हटलं. चहा विचारला नाही. तो गेला.

आत आले आणि तिचा उजवा हात उघडून बघितला. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. "तो?"

तिने मान डोलावली.

"ऊठ. साडी नेस. पोलीस ठाण्यात जायचंय."

"काल तुम्हीच म्हणालात, सांगू नको."

"काल मी मूर्ख होते."

"आणि आज?"

"आजही आहे. पण रिक्षा बोलवते."

ती हसली नाही, पण उठली.

एक गोष्ट इथेच लिहून टाकते, नाही तर मागाहून लिहायचा धीर होणार नाही. तो माणूस कसा आहे हे मला ठाऊक होतं. वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. सून नवी आली तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, "पंपाकडच्या पाखाडीच्या वाटेने एकटी जाऊ नको, वरून वळसा घालून जा." का, ते सांगितलं नाही. माझ्या सासूनेही मला असंच दुसऱ्या कोणाबद्दल सांगितलं होतं आणि कारण दिलं नव्हतं. आम्ही बायका वळसे घालत राहिलो, आणि त्याला मात्र कोणी कधी हटकलं नाही. त्या दिवशी ती माझ्याच सांगण्यावरून वरच्या वाटेने गेली होती. तो वरच्या बागेत आला.

रिक्षात बसायच्या आधी मुलाला फोन लावला. वाईट वाटलं तरी लिहिते, मला त्याचीच भीती होती. शेजारच्या गावातल्या एकाने अशाच कारणावरून बायकोला माहेरी पोचवली होती, आणि लोकांनी त्यालाच बिचारा म्हटलं होतं. मी एका दमात सांगून टाकलं. पलीकडे मशीनची घरघर चालू होती, ती त्याने बंद केली. मग तो म्हणाला, "आये, ती जेवली काय?"

"नाय."

"आधी काहीतरी खायला घाल तिला. मी निघतो."

माझा मुलगा काही फार हुशार नाही. चौथीनंतर मी शाळा सोडली आणि दहावीनंतर त्याने. पण एवढं शिकलेले लोक पुढे आम्हाला इतके प्रश्न विचारत होते, त्यांत हा प्रश्न कोणी विचारला नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या टेबलावरचा म्हणाला, "आजी, घरातलंच प्रकरण आहे. शिमगा तोंडावर आलाय. विचार करा." मी म्हटलं, "विचार करून झाला, तुम्ही लिहा." तो हलेना, तेव्हा मी तिथेच बाकावर पाय वर घेऊन बसले. तासाभराने एक बाई अधिकारी आली. तिने सुनेला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं लिहून घेतलं. बाई बरी होती, पण मध्येच बाहेर येऊन मला म्हणाली, "आंघोळ कशाला घातलीत हो? आणि कपडेही धुतलेत?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. सुनेने ते आतून ऐकलं असणार, कारण परत जाताना रिक्षात ती मला म्हणाली, "मी सांगितलं म्हणून घातलीत." त्या दिवशी समजूत तिची काढायची होती, आणि ती माझी काढत होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने मात्र आधी तिला विचारलं, तपासू का, आणि काय काय तपासणार ते सांगितलं. पूर्वी बायकांची एक अपमानाची तपासणी करायचे, ती आता बंद आहे, असंही सांगितलं. मला म्हणाली, "आंघोळीने सगळं जात नाही, आजी. आणि प्रत्येक घरात आधी हेच होतं." तिने सुनेच्या हाताचे फोटो काढले, बोटांशी पट्टी धरून. मी तेव्हा चिकाचं सांगितलं. बाई देशावरची, तिला माहीत नव्हतं. पण तिने लिहून घेतलं आणि पोलिसांना सांगितलं. संध्याकाळी त्याला आणला तेव्हा टॉवेल काढून त्याच्याही मानेचे फोटो झाले.

मग गावकी बसली. मुलगा आला होता, त्याला बोलावलं. म्हणाले, केस मागे घ्या, आपण देवासमोर नारळ ठेवून मिटवू. नाही तर पालखी तुमच्या दारात येणार नाही. असं कोणाला वाळीत टाकणं हासुद्धा गुन्हा आहे, हे अधिकारीबाईने आम्हाला सांगितलं होतं. मुलाने ते तिथे सांगितलं. पण पालखी आली नाही. ढोल आमच्या गडग्यापर्यंत वाजत आले, थांबले आणि पुढच्या घरी गेले. मी नारळ हातात घेऊन उभी होते. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही. सून मागून आली, माझ्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाली, "बरं झालं, शेजारणीकडे चिखल करतील आता. आपलं सारवण राहिलं." त्याच नारळाचं वाटण घालून तिने संध्याकाळी बांगड्याचं सार केलं. घट्ट केलं. माझ्यासारखं नाही.

पुढच्या शिमग्यालाही तेच. त्या वेळी पालखी गेल्यावर वाडीतली एक बाई आमच्या मागच्या दारी आली. माझ्याहून थोडी लहान, नातवंडं असलेली. उंबऱ्यावर उभी राहून सुनेला म्हणाली, "माझ्या पण वाटेत आला होता तो. वीस वर्षं झाली." कोर्टात सांगशील का, विचारलं, तर म्हणाली, "नाय गो बाय, माझे मुलगे आहेत." तिला मी दोष दिला नाही. तिने आणलेले फणसाचे तळलेले गरे मात्र घेतले.

केस उभी राहायला वर्षं गेली. तोवर सुनेने तीच गोष्ट पोलिसांना, डॉक्टरला, मॅजिस्ट्रेटला, सरकारी वकिलाला सांगून झाली होती. पाचव्या वेळी कोर्टात. दारं बंद करून, मध्ये पडदा लावून. मला बाहेर बसवलेलं. त्याच्या वकिलाने तिला विचारलं म्हणे, "बागेत एकट्या का गेलात?" ती म्हणाली, "काजू काढायला वरात न्यायची का?" न्यायाधीशबाईंनी तिला नीट उत्तर द्यायला सांगितलं. पण मग त्याने लग्नाआधीचं काही विचारायला घेतलं, तेव्हा त्यालाच गप्प केलं. तसं विचारायचं नाही असा कायदा आहे. तो आहे हे वकिलाला माहीत असणारच. तरी विचारून बघतात.

मग मला बोलावलं. प्रश्न त्याचाच वकील विचारत होता.

"आजी, कपडे कोणी धुतले?"

"मी."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे पुरावा तुम्ही घालवलात. का पुरावा मुळात नव्हताच?"

"मला सून दिसत होती, साहेब. पुरावा दिसत नव्हता."

त्याने हातातला कागद उलटला. मग म्हणाला, "आरोपीच्या बागेतही काजू आहेत. चीक कोणालाही लागू शकतो."

"लागतो. पण आमच्याकडे ओल्या बिया बायका फोडतात. ह्याने आयुष्यात एक बी फोडलेली नाही, खाल्ल्या मात्र भरपूर. आणि स्वतःचा चीक हाताला लागतो. मानेवर बोटं उमटतात ती दुसऱ्याची."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हा डाग किती वेळाने दिसतो?"

"त्या दिवशी नुसता झोंबतो. दुसऱ्या दिवशी लाल होतं, मग काळं पडतं, आठवड्याने कातडी सुटते."

"धुतला तर?"

"पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, शिकेकाईनेही जात नाही," मी म्हटलं, आणि तोंडातून शिकेकाई निघाल्यावर पदर तोंडाला लावला. बाईंनी मला पाणी द्यायला सांगितलं. टंकलेखन करणारा मुद्दाम हळू टाइप करत बसला, मला वेळ मिळावा म्हणून. असं मला वाटलं. कदाचित त्याला शिकेकाई लिहिता येत नसेल.

शिक्षा झाली. भीतीने आणि लाजेने घरच्यांनी आंघोळ घातली म्हणून बाई खोटी ठरत नाही, असं निकालात आहे, सरकारी वकिलांनी वाचून दाखवलं. मी त्यांना ते दोनदा वाचायला लावलं. त्याने वर अपील केलं आहे, ते अजून चालू आहे. तेव्हा सगळं संपलं असं मी लिहिणार नाही. पालखी आता येते, आमच्या अंगणात पाच मिनिटं थांबते. पुढच्या खांद्याला दुसरा माणूस आहे. सून ओटी भरते, पण पाया पडायला खाली वाकते तेव्हा मी तिच्या पाठीशी उभी राहते.

तिने हे सगळं वाचलं. दोन ठिकाणी "बिचारी" लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. आमटीचंही खोडते असं मी म्हटलं, ते मात्र तिने खोडू दिलं नाही. अजूनही कधी कधी भर दुपारी ती मला म्हणते, "आई, पाणी घाला," आणि मी कामधाम सोडून हंडा ठेवते. माझे हात आता थकले, म्हणून अर्धे तांबे ती स्वतः घेते.

तिचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, आणि इथे मी कोणाचंच घातलं नाही. एवढंच लिहिते की हे माझ्या धाकट्या सुनेने सोसलं. ती जिवंत आहे, छत्तीस वर्षांची आहे, आणि आत्ता पडवीत हाताला राख लावून काजू फोडते आहे.