सातचा तास आणि सहाची गाडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हेडमास्तरांशी भांडायला तेवढं पुरतं, हे गेल्या साली कळलं.

नात अकरावीला, तालुक्याच्या हायस्कुलात. तिथं इंजिनिअरिंगच्या परीक्षेसाठी गणिताचा वरचा वर्ग निघाला, दिवाळीनंतर सुरू होणार. सगळे त्याला बॅच म्हणत. चाचणी घेऊन पोरं निवडली, त्यात आमच्या वाडीतनं ही एकटी. पण तास सकाळी सातला, आणि वाडीची पहिली एसटी शाळेजवळ पोचायची आठनंतर. तास बुडवणाऱ्याचं नाव बॅचमधनं कमी होणार होतं.

मुलगा फौजेत. घरात मी, सून आणि नात. गाडीवरनं सोडायला कोणी नाही, म्हणून मीच हेडमास्तरांकडं गेलो. म्हटलं, शाळा सुटल्या सुटल्या घ्या वर्ग, वाडीची शेवटची गाडी तरी सापडेल. ते म्हणाले, संध्याकाळी शहरातल्या पोरांचे खासगी क्लास असतात, त्यांची वेळ काही हलायची नाही. वर हसून म्हणाले, "आबा, शाळा काय एसटीवर चालती व्हय? तुमीच एसटी लवकर आणा."

चेष्टाच होती ती. मी ती मनावर घेतली.

डेपोत जाऊन बसायला लागलो. दूधवाले आणि भाजी विकणाऱ्या बायका बरोबर घेतल्या. जन्मात कुणापुढं वाकलो नव्हतो, त्या साहेबाच्या टेबलापुढं वाकलो. दिवाळीच्या तोंडावर साहेब कंटाळला आणि वाडीतनं सहाला गाडी सुरू झाली. नात म्हशीची धार काढून त्या गाडीला पळायची. इस्लामपूरहून येणारे गणिताचे सर तिला फळ्यापुढं उभी करून उदाहरणं सोडवायला लावतात, हे ती मला जेवताना सांगायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी भाकरी गोड लागायची.

मग थंडी वाढली. शहरातल्या पालकांनी सभा मागितली. त्यांची पोरं सकाळी उठत नव्हती. जे खासगी क्लास माझ्यासाठी हलत नव्हते ते आठवड्यात रात्रीवर गेले, आणि बॅच संध्याकाळी उशिराच्या वेळेवर आली; सभा नुसती मंजुरीपुरती उरली.

सभेत मी उभा राहिलो. सांगितलं, वाडीची शेवटची गाडी तास संपायच्या आधीच सुटते. नंतरची गाडी फाट्यावर सोडते, तिथनं घरापर्यंत दोन्ही अंगाला ऊस, आणि त्या उसात यंदा बिबट्याची मादी पिल्लं घेऊन बसली आहे. एक इंजिनिअर पालक म्हणाले, "आबा, पोरांना थंडी सोसत नाही हो."

"आमची पोर धार काढून येती. तिला थंडी वाजत न्हाई व्हय?"

कोणीतरी हसलं. हेडमास्तर म्हणाले, एका मुलीसाठी अख्खी बॅच हलवता येत नाही.

"मग झोपंसाठी कशी हलली, सर?"

त्यांनी लगेच हात वर करायला सांगितले. विरोधात माझा एकट्याचा.

मी हट्टाला पेटलो. रोज अंधार पडला की काठी आणि बॅटरी घेऊन फाट्यावर जायचो, नातीला घेऊन मोठ्यानं बोलत घरी यायचो. एक दिवस शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं उचललं. त्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी नात वाडीच्या शेवटच्या गाडीनं, उजेडातच घरी आली. मी काठी शोधत होतो.

"आबा, ठेवा ती. मी बॅचमधनं नाव काढून आले."

मला विचारलं नाही तिनं. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, म्हणूनच विचारलं नसावं.

पुढं सव्वीस जानेवारीला शाळेनं माझा सत्कार ठरवला. वाडीला लवकरची गाडी आणली म्हणून शाल आणि नारळ. बोलवायला शिपाई आला, त्याला म्हटलं, "हेडमास्तरांना सांग, शाल थंडी वाजणाऱ्या पोरांना घाला."

नातीला ते आवडलं नाही. म्हणाली, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत, तुमचं काय जातंय बोलायला. खरंय तिचं. तरी शब्द मागं घ्यायला मी गेलो नाही.

गाडी अजून सहालाच सुटते. दुधाच्या किटल्या असतात, भाजीच्या पाट्या असतात. ड्रायव्हर मला ओळखतो, आमच्या दारासमोर आला की हॉर्न देतो. नात तेव्हा गोठ्यात असते. ती वर बघत नाही, मीही तिच्याकडं बघत नाही.