लिव्हरमधली गाठ आणि माझी सही

आमच्याकडं माणूस बरा होणार असेल तर त्याला पथ्य सांगतात. होणार नसेल तर विचारतात, काय खावंसं वाटतंय.

वारणानगरजवळच्या आमच्या गावात मी दूध संस्थेत दुधाची फॅट तपासते. पोट दुखायचं म्हणून नवऱ्यानं सोनोग्राफीला नेलं, रिपोर्ट स्वतः आणला आणि म्हणाला, "कायबी न्हाय, जरा सूज हाय." तेलकट बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी नणंद गडहिंग्लजहून एसटीनं तूप लावलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आली. चुलत सासू खीर ठेवून गेली. आणि एक दिवस थोरले दीर दारात उभे राहिले. वीस वर्षांत पाऊसपाण्यापलीकडं कधी माझ्याशी बोलले नाहीत. ते म्हणाले, "तुला काय खावं वाटतंय, सांग की."

मला सगळं कळलं. मी आत गेले आणि कपाट उपसलं. रिपोर्ट नवऱ्याच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात होता. लिव्हरमध्ये गाठ दिसते, कॉन्ट्रास्ट सीटी करावा, असं लिहिलेलं. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

"तुला सोसलं नसतं," नवरा म्हणाला.

"आणि हे सीटीचं कवा करणार हुता?"

"त्यात औषध टोचत्यात म्हणं. किडनी जाती. दादा म्हणाला, कशाला उगं हाल."

म्हणजे माझ्या मरणाचं घरात ठरवूनच टाकलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं. सोनोग्राफीनं गाठ आहे एवढंच सांगितलेलं. कसली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दूध नुसतं बघून फॅट कळत नाही, यंत्राला लावू द्या, हे मी रोज सकाळी भांडून सांगते. आणि माझ्याच घरातली माणसं मला न तपासता निकालात काढत होती. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण रागाचा जोर जास्त होता. शाहूपुरीतल्या सीटी सेंटरला मीच फोन लावला. आधी रक्त तपासून किडनीचं बघतात, मगच औषध टोचतात, असं कळलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि दोन दिवसांनी मी उपाशीपोटी तिथं हजर झाले. नवरा मागोमाग आला.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. "पावणं, हितं सही करा."

मी फॉर्म ओढून घेतला. "सुई मला टोचणार हाय. सही मी करणार."

"नातेवाईकाची पण लागते."

"घ्या की. माझ्या खाली घ्या."

औषध शिरलं तशी घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरली. लघवी झाली की काय, असंच वाटलं. टेक्निशियननं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. श्वास धरा, सोडा. मग थांबून पुन्हा तेच, आणि पुन्हा. इतक्यांदा कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, गाठ औषध कशी घेते आणि किती वेळ धरून ठेवते, त्यावरनं ती कसली ते कळतं." इतक्या दिवसांत मला नीट उत्तर देणारा हा पहिला माणूस.

दुपारी डॉक्टरांनी नातेवाईक म्हणून नवऱ्याला आत बोलावलं. मी पुढं होऊन खुर्चीवर बसले. तरी ते त्याच्याकडंच बघून बोलायला लागले.

"माझ्याकडं बघून सांगा," मी म्हणाले. "जे असेल ते."

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. गाठ आधी कडेकडेनं पांढरी झाली होती, मग हळूहळू आतपर्यंत भरत गेली, आणि शेवटच्या चित्रातही पांढरीच होती. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, त्यांनी सांगितलं. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघायचं, बाकी गाठीला हात लावायची गरज नाही.

नवरा बाहेर बाकावर बसून रडला. मी त्याला पाणी दिलं. पाठीवरून हात मात्र फिरवला नाही, तेवढा राग अजून शिल्लक होता. तेवढ्यात दिरांचा फोन आला. "हां दादा," एवढं म्हणून तो थांबला, माझ्याकडं बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडं दीर गडबडले. मग म्हणाले, "तू बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय, भावजी," मी म्हणाले. "पर माझं ठरवायच्या आधी मला इचारायचं हुतं."