पानात न मावलेली ओळ

भांडुपच्या मालनताई घाडींना साधा चौकोन बघवत नाही. कॉम्प्युटरवर मजकुराची चौकट उमटली की त्यांचा हात शिवशिवायला लागतो. कडेवरचे ठिपके माऊसने ओढत त्या चौकोनाचा कधी आंबा करतात, कधी मोर करतात, आणि आतल्या ओळी मुकाट्याने त्या आकारात जाऊन बसतात.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मालनताई मराठी टायपिंग शिकल्या आणि लग्नानंतर डीटीपीचं दुकान टाकलं, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी सत्यनारायणाचं आमंत्रण कलशात बसवलं, क्रिकेट सामन्यांचं पत्रक बॅटमध्ये घातलं. एका दातांच्या डॉक्टरचं हँडबिल त्यांनी दाढेच्या आकारात केलं होतं. ‘रविवारी’ हा शब्द दाढेच्या डाव्या मुळात गेला आणि ‘बंद’ उजव्यात. पुढे महिनाभर दर रविवारी त्या दवाखान्याबाहेर दोन-चार माणसं गाल धरून उभी असत.

“ताई, वाचता येत नाही ओ,” असं गिऱ्हाईक म्हणालं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, “वाचायचं काय त्यात? बघा ना, किती गोड दिसतंय!”

त्यांचे यजमान राजेश विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. ते म्हणायचे, “नशीब, हिच्याकडे रेशनकार्डं छापत नाहीत.”

गेल्या वर्षी सम्यक वाहुळे स्वतःच्या लग्नाची पत्रिका करून घ्यायला दुकानात आला. मुलगा ट्रॉम्बेला नोकरीला, होणारी बायको अक्षता मुलुंडची. लग्न बौद्ध पद्धतीने होतं आणि पत्रिकेवर पिंपळाचं पान हवं, अशी त्याच्या आईची, मीराताईंची, इच्छा होती.

“पानाचं चित्र कशाला?” मालनताई म्हणाल्या. “सगळा मजकूरच पानात बसवते. बघच तू.”

दोन दिवस मालनताई त्या पानामागे होत्या. पिंपळाच्या पानाला खाली लांब, निमुळतं टोक असतं. वरच्या ओळी ऐसपैस बसल्या, पण टोकात एकेक शब्द, मग एकेक अक्षर. मजकूर मावला नाही की चौकटीखाली एक बारीक लाल खूण येते, राहिलेला मजकूर आत दडल्याची. मालनताईंनी पान मधे थोडं फुगवलं, अक्षर बारीक केलं, शेवटी ती खूण गेली. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून त्यांनी ते पान दाखवलं.

तेवढ्यात सम्यकचा फोन आला. “ताई, निमंत्रकांत नानांचं नाव राहिलंय. माझे मोठे काका. रुसतील ते.”

“आता सांगतोस होय रे?” करवादत त्यांनी वरच्या ओळींत नानांचं नाव घातलं. नाना आत आले, बाकीचे खाली सरकले. खाली पुन्हा लाल खूण आली, पण ताई तेव्हा सम्यकला फोनवर शिस्त शिकवत होत्या. त्यांनी तसंच पान व्हॉट्सअॅपवर पाठवलं.

वाहुळ्यांच्या घरी सगळ्यांनी ते पाहिलं. मीराताईंनी डोळ्यांना पदर लावला. अक्षताने सतरा हृदयं पाठवली. वाचलं कुणीच नाही. पत्रिका छापल्या, बहुतेक वाटूनही झाल्या.

मग नाना दुकानात आले. रिटायर्ड हेडक्लार्क, हातात पत्रिका.

“झकास झालीय,” ते म्हणाले. “माझं नावही आहे. फक्त एक विचारायचं होतं, यायचं कुठे?”

मालनताईंनी पत्रिका घेतली. वार होता, वेळ होती. विवाहस्थळाची ओळ पानाच्या टोकातून पडून गेली होती.

“वाट लागली,” त्या खाली बसल्या. नानांनीच त्यांना पाणी दिलं.

मग मात्र त्या रडत बसल्या नाहीत. उरलेल्या पत्रिकांसाठी त्यांनी पत्त्याच्या चिठ्ठ्या छापल्या, सरळ चौकोनी. मग मीराताईंकडून पाहुण्यांची यादी घेतली. मीराताई म्हणाल्या, “आम्ही करतो ना फोन.”

“चूक माझी, फोनही माझे,” असं म्हणून त्यांनी तीन दिवस दुकानातून फोन लावले.

“मी पत्रिकावाली मालन घाडी बोलतेय. वाहुळ्यांचं लग्न मुलुंडला आहे, सभागृहाचं नाव लिहून घ्या. पेन घ्या आधी, मी थांबते.”

काहींनी खोदून विचारलं. जालन्याच्या सोनूबाई आत्यांनी तर अर्धा तास मुलीकडची चौकशी केली. मालनताईंनी अक्षताला पाहिलेलंही नव्हतं, तरी त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. लाजेने सुरू केलेलं काम तिसऱ्या दिवशी त्यांना आवडायला लागलं होतं.

लग्नाला झाडून सगळे आले. एकेकाला घरच्यासारखा फोन गेला होता, न येऊन करतात काय? वाढपी धावून दमले, आणखी भात लावावा लागला. राजेशच्या मागे मागे, मान खाली घालून, “जरा वाट द्या” म्हणत मालनताई शिरल्या, तर सोनूबाई आत्यांनी आवाजावरून ओळखलं. “अगं बया, तूच का ती फोनवाली!” झालं, मग त्यांच्याभोवतीच घोळका. मीराताईंनी त्यांना हाताला धरून घरच्यांच्या फोटोत उभं केलं.

नाना आता दर गुरुवारी दुकानात येतात आणि छापायला जाणारं सगळं वाचून देतात. वाचायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतात. काल एका भजनी मंडळाचं पत्रक होतं आणि ताईंनी वीणेचा आकार काढला होता.

“मालनबाई, वीणेच्या दांडीत अध्यक्ष अडकलेत,” नाना म्हणाले.

“थांबा ना जरा,” माऊस न सोडता त्या म्हणाल्या, “दांडी थोडी जाड करते. नाहीतर अध्यक्षांचं आडनाव काढू या का?”

“आडनाव राहू द्या.”

“बरं,” म्हणत त्यांनी ठिपका ओढला. वीणा भोपळ्यासारखी दिसायला लागली, पण अध्यक्ष पूर्ण मावले.