खिळ्यावर नसलेली रिंग

आमच्या मच्छे गावात मष्णू मेस्त्रीइतका तोंडाळ माणूस दुसरा नाही, आणि त्याच्याइतका चांगला मेकॅनिकही नाही, हे नाइलाजाने लिहावं लागतंय. मी निवृत्त मास्तर. त्याचं गॅरेज माझ्या दारासमोर, त्यामुळे त्याची बडबड मला फुकट ऐकायला मिळते.

लष्कराने लिलावात काढलेले जुने ट्रक हे त्याचं खास काम. त्यांचे मूळचे ऑइल फिल्टर आता मिळत नाहीत. मष्णूने लेथवर एक चकती करून घेतली. ती इंजिनला बसवली की आजच्या लॉरीचा डब्यासारखा फिल्टर तिच्यावर आवळता येतो. सांभाळायचं एकच. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग कधी कधी चकतीलाच चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला तर गाडी गार असेपर्यंत काही कळत नाही. चढाला ऑइल तापलं की रिंग सरकते, ऑइल रस्त्यावर आणि इंजिन जाम. म्हणून काढलेली रिंग तो दाराजवळच्या खिळ्याला अडकवतो. त्याची बायको मालुबाई खिळा बघून ‘व्हय’ म्हणेल तेव्हाच गाडी हलते. तिच्या या ‘व्हय’ची तो पंचवीस वर्षं टिंगल करत आलाय.

त्या दिवशी मालुबाई माहेरी, बेळगुंदीला गेली होती. भरमा या गिऱ्हाइकाचा असाच एक जुना ट्रक सकाळी नवा फिल्टर बसवून तयार झाला आणि भरमा घाईघाईने लोंढ्याकडे निघून गेला. दुपारी जेवताना मष्णूची नजर खिळ्यावर गेली. खिळा रिकामा होता.

त्याने भाकरी तशीच ठेवली. कचऱ्याचा डबा उपडा केला, जुना फिल्टर चारदा फिरवून पाहिला. रिंग कुठेच नव्हती. भरमाचा फोन लागेना. पडली असेल कुठेतरी, असं मी म्हणालो, तर माझ्यावरच खेकसला आणि मलाच स्कूटरवर मागे बसवलं. एकट्याने जायची त्याला भीती वाटत असावी.

खानापूर सुटलं तरी तो प्रत्येक काळ्या डागापाशी ब्रेक मारत होता. माझी कंबर मोडली. या इंजिनचा एक तुकडाही आता कुठे मिळत नाही आणि भरमाचं घर या एका ट्रकवर चालतं, हे त्याने मला दहा वेळा ऐकवलं.

लोंढ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी ट्रक उभा दिसला. खाली ऑइलचं थारोळं होतं. ऑइलच्या प्रेशरचा काटा वाटेतच उतरला असणार, पण त्यावर भरमाने झेंडूचा हार लटकवला होता. मष्णूने डिपस्टिक ओढली. टोकाला जेमतेम ऑइल लागलं, म्हणजे इंजिन थोडक्यात वाचलं होतं. मग त्याने फिल्टर खोलला. चकतीला जुनी रिंग चिकटलेली होती.

‘‘काय झालतं, मेस्त्री?’’ टपरीवरून चहाचा पेला घेऊन आलेल्या भरमाने विचारलं.

मला वाटलं, आता हा फिल्टरवाल्याला शिव्या घालणार.

‘‘माझी चूक झाली रं. रिंग काढायचीच इसरलो.’’

मला त्याची फार दया आली. त्याने चकती पुसली, फिल्टर बसवला, सोबत आणलेलं ऑइल भरलं आणि हार काट्यावरून काढून आरशाला बांधला. परतीच्या वाटेवर तो चकार शब्द बोलला नाही, आणि त्याची बडबड नको म्हणणारा मी अस्वस्थ झालो.

संध्याकाळी मालुबाई आली. मष्णूने खिशातून ती रिंग काढली, खिळ्याला अडकवली आणि बाजूला उभा राहिला. दारात एकही गाडी नव्हती.

‘‘बघ गं,’’ तो म्हणाला.

तिने खिळ्याकडे पाहिलं, मग ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘आता जेवा.’’